नवखा मनुष्य मंदिराच्या दारीं

शास्त्रपाठ: याकोब २:१–९. सोबत वाचावें: लेवीय १९:१५, १८, ३३, ३४, १ करिंथ १४:२३–२५, रोम १५:७.

एखादा मनुष्य ख्रिस्ती मंदिराच्या दाराशीं प्रथमच येतो, तेव्हां त्याच्या मनांत किती शंका असतात, याचा विचार जन्मापासून मंदिरांत जाणारे आपण लोक क्वचितच करितों. जोडे कोठें काढावे? पुरुष कोणीकडे बसतात, बायका कोणीकडे? गीत सुरू झालें म्हणजे उभें राहावें कीं बसून राहावें? दानाची थाळी पुढें आली आणि खिशांत कांहीं नसलें तर लोक काय म्हणतील? अंगावरचे कपडे चालतील काय? आपल्याला या गोष्टी सहज झाल्या आहेत. त्याला मात्र तो उंबरठा डोंगराएवढा वाटतो. या आठवड्याच्या पाठांत त्या उंबरठ्याविषयीं शास्त्र काय शिकवितें, तें पाहूं.

१. याकोबानें दाखविलेला दोष

याकोब आपल्यापुढें एक चित्र उभें करितो. सभा भरली आहे. दोन पुरुष आंत येतात. एकाच्या हातांत सोन्याची अंगठी व अंगावर झगझगीत वस्त्रें आहेत. दुसऱ्याचीं वस्त्रें मळकीं आहेत. दोघांनाही जागा दाखवावी लागते, त्यावरून दोघेही नवखे असावेत असें दिसतें. पहिल्याला मानाची जागा मिळते. दुसऱ्याला उभें राहावयास किंवा पायांपाशीं बसावयास सांगण्यांत येतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. त्या गरिबाला कोणी हांकलून दिलें नाहीं. दार त्यालाही उघडेंच होतें. पाप दारांत झालें नाहीं. तें आंत, जागा देतांना झालें. आमच्या मंदिरांत कोणासही मज्जाव नाहीं, एवढें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु याकोबाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आंत आलेल्या मनुष्याला तुम्ही कोठें बसविलें?

ज्या दोषाला आपण पक्षपात म्हणतों, त्यासाठीं मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘तोंड स्वीकारणें’ असा होतो. तोंड पाहून वागणें हा वाक्प्रचार आपल्याही भाषेंत आहे. तेव्हां याकोबाचें म्हणणें समजावयास आपणांस कठीण जाऊं नये. त्यानें हा नियम नवा काढिला नाहीं. लेवीय १९ व्या अध्यायांत न्याय करितांना गरिबाचें किंवा थोराचें तोंड पाहूं नये अशी आज्ञा आहे. त्याच अध्यायांत शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा आहे, आणि पुढें परक्यावरही तशीच प्रीति करावी असें सांगितलें आहे. कारण असें दिलें आहे कीं, इस्राएल लोक स्वतः मिसर देशांत परके होते. आपणही एके काळीं बाहेरचे होतों, याची आठवण ज्याला आहे तोच परक्याला जागा देतो.

२. इतिहासाची साक्ष

हा दोष केवळ पहिल्या शतकापुरता नव्हता. दक्षिण हिंदुस्थानांतील तंजावर व आसपासच्या मंडळ्यांत उच्च जातींतून आलेले ख्रिस्ती लोक निराळे बसत व प्रभुभोजन आधीं घेत. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं पत्र लिहून मंडळींतील हा जातिभेद साफ सोडून द्यावा असें फर्माविलें. त्यामुळें पुष्कळ लोक रुसून मंडळीबाहेर गेले. एका सतरंजीवर बसणें ही किती महाग गोष्ट आहे, हें यावरून दिसतें.

दुसरें उदाहरण अमेरिकेचें आहे. कॅलिफोर्निया प्रांतांत कोस्टा मेसा या गांवीं कॅल्व्हरी चॅपेल नांवाची लहानशी मंडळी होती. १९६५ सालीं चक स्मिथ हे तिचे पाळक झाले. पुढें कांहीं वर्षांतच ज्यांना तिकडे हिप्पी म्हणत, असे लांब केसांचे, विटक्या कपड्यांचे, अनवाणी तरुण उपासनेस येऊं लागले. मंदिरांत नवा गालिचा घातला होता. तो मळेल म्हणून अनवाणी येणाऱ्यांस मनाई करणारी पाटी कोणी लाविली. पाळकांनीं ती काढून टाकिली आणि पंचांस सांगितलें कीं, गालिच्यासाठीं एका तरुणालाही दार बंद करावें लागत असेल, तर गालिचाच उपटून टाकावा. त्या मंदिराचा मोकळेपणा पुढें पुष्कळ मंडळ्यांनीं उचलला.

आपल्याकडे हीच गोष्ट उलटी आहे. मोशे व यहोशवा यांनीं पवित्र भूमीवर जोडे काढिले. आपणही मंदिरांत जातांना आदरानें जोडे बाहेर ठेवितों. तेथें अनवाणी येणें उद्धटपणाचें वाटलें, येथें तोच आदर आहे. यावरून काय शिकावें? आपल्या पुष्कळ चालीरीति चांगल्या असल्या तरी त्या आपल्या आहेत. त्यांवरून देवाच्या दारीं आलेल्याचें अंतःकरण मोजूं नये.

३. गोड बोलणें पुरेसें आहे काय?

परंतु या पाठाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. महात्मा गांधी यांनीं आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, दक्षिण आफ्रिकेंत डर्बन येथें एका ख्रिस्ती कुटुंबाच्या सूचनेवरून ते दर रविवारीं वेस्लियन मंदिरांत जात. त्या दिवशीं जेवणाचें आमंत्रणही ठरलेलें असे. म्हणजे आदरातिथ्यांत उणें नव्हतें. तरी मंदिराचा ठसा त्यांच्या मनावर चांगला उमटला नाहीं. उपदेश नीरस वाटला. जमलेले लोक भक्तीपेक्षां करमणुकीसाठीं व रूढि म्हणून आलेले दिसले. मधून मधून त्यांना डुलकी येई आणि त्याची लाज वाटे. पण शेजारींही कांहीं जण त्याच स्थितींत असल्यामुळें ती लाज हलकी होई.

हें वाचून आपण मान खालीं घातली पाहिजे. नवखा मनुष्य पाहत असतो. पौल करिंथकरांस लिहितो कीं, बाहेरचा मनुष्य सभेंत आला तर त्याला तेथील बोलणें कळलें पाहिजे, त्याच्या अंतःकरणाला तें भिडलें पाहिजे, आणि देव खरोखर या लोकांमध्यें आहे असें त्यानें कबूल केलें पाहिजे. मोकळेपणा हा दाराचा गुण आहे. दारांतून आंत गेल्यावर देव भेटला नाहीं, तर उघडें दार काय कामाचें? उलट, आंत देवाची भक्ति खरी आहे पण दारांतच अपमान झाला, तर ती भक्ति त्याला दिसणार कशी? दोन्ही पाहिजेत.

४. आपण काय करावें

पहिलें, उपासनेपूर्वीं कोणी तरी दाराशीं उभें असावें. ‘सलाम’ किंवा ‘नमस्कार’ म्हणून, ‘या, बसा’ असें म्हणावें. आडनांव व मूळ गांव विचारण्याची घाई करूं नये. आपल्या देशांत आडनांव विचारण्याच्या आड पुष्कळदां जात विचारलेली असते, आणि विचारला जाणारा तें तात्काळ ओळखतो.

दुसरें, त्याला एकट्याला कोपऱ्यांत बसवूं नये. जवळ बसावें, ‘उपासना संगीत’ उघडून गीताचा क्रमांक दाखवावा. वाचतां येत नसेल तर बरोबर म्हणावें.

तिसरें, दान ही प्रवेशाची फी नव्हे, हें त्याला हळूच कळवावें. प्रभुभोजन असेल तर आपल्या मंडळीचा नियम आधींच, एकीकडे, सौम्य शब्दांत सांगावा. सर्वांदेखत हात अडवूं नये.

चौथें, त्याला सभेपुढें उभें करून बोलावयास लावूं नये. पाहुण्याला पाहूं द्यावें, ऐकूं द्यावें, आणि जावेंसें वाटलें तर जाऊंही द्यावें.

पांचवें, गळिताच्या हंगामांत बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांकडे लक्ष द्यावें. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेंही असतात. फडांतून थेट येणाऱ्याचे कपडे मळकेच असणार. याकोबाच्या चित्रांतील दुसरा पुरुष आपल्या गांवीं येतो तो असा. सकाळची उपासना त्यांना साधत नसेल, तर त्यांच्या कोपीपाशीं संध्याकाळीं प्रार्थना ठेवावी.

आणि जो कोणी प्रथमच मंदिरांत जाणार आहे, त्यालाही आम्ही दोन शब्द सांगतों. बंधो, भगिनी, सर्व रीति ठाऊक असल्याच पाहिजेत असें नाहीं. थोडें आधीं जा, मोकळी जागा दिसेल तेथें बसा. न समजलें तें नंतर विचारा. मूल रडलें तर लाजूं नका. ज्यांना तेथें बसण्याचा हक्क आहे असें तुम्हांस वाटतें, तेही कृपेनेंच आंत आले आहेत.

रोमकरांस लिहितांना पौलानें एकमेकांचा स्वीकार करण्याचें माप ठरवून दिलें आहे: ख्रिस्तानें आपला स्वीकार केला तसा. त्यानें आपलें तोंड पाहून जागा दिली असती, तर आपल्यापैकीं कोण आंत बसला असता?

विचारासाठीं प्रश्न

१. याकोबाच्या चित्रांतील गरीब मनुष्याचा अपमान कोणत्या क्षणीं झाला?
२. आपल्या मंदिरांत कोणाची जागा न बोलतां ठरलेली आहे काय? ती कशी ठरली?
३. आपली कोणती चाल नवख्याला अडथळा होते? ती आज्ञा आहे कीं केवळ संवय?
४. गेल्या वर्षांत एकदाच येऊन पुन्हां न आलेला मनुष्य आठवतो काय? या आठवड्यांत त्याच्या घरीं कोण जाईल?