वैद्यकीय शिक्षणाची परीक्षा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

विद्यार्थ्याला किती आले हे परीक्षेवरून कळते. परंतु जे शिकविले ते शिकविण्याजोगे होते काय, आणि ते पुढे उपयोगी पडले काय, हे विद्यार्थ्याच्या गुणांवरून कळत नाही. त्यासाठी खुद्द शिक्षणक्रमाचीच परीक्षा घ्यावी लागते. वैद्यकीय शिक्षणात ही परीक्षा विशेष निकडीची होय. कारण तेथील उणिवेची किंमत शेवटी रोग्याला मोजावी लागते.

अशा परीक्षेच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये मांडल्या. मूळ विचार उद्योगधंद्यांतील प्रशिक्षणाचा होता. पुढे वैद्यकीय शिक्षणानेही तो स्वीकारला. शिक्षण विद्यार्थ्याला रुचले काय? त्याला ते आले काय? ते त्याच्या कामात उतरले काय? आणि त्या कामाचे फळ लोकांना मिळाले काय?

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. आदिलाबाद येथे २००८ मध्ये राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. अशा संस्थेत शिकणाऱ्या मुलांपुढे येणारा रोगी कधी तेलुगू बोलतो, कधी मराठी, उर्दू वा लंबाडी, तर कधी गोंडी किंवा कोलामी. समजा, उटनूरकडील एका गोंड वस्तीतून हाडे ठणकतात म्हणून एक मूल आले. सिकलसेल या आनुवंशिक रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. गोंड समाजात हा रोग आढळतो. विद्यार्थ्याने या रोगावर उत्तम उत्तर लिहिले असेल; पण समोरचे मूल पाहून त्याच्या मनात ही शंका आली काय? पहिल्या दोन पायऱ्यांचे उत्तर कागदावर मिळते, पुढच्या दोहोंचे मात्र रुग्णालयात आणि गावातच मिळते.

२०१९ पासून देशात क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याने काय पाहिले व काय केले याची नोंदवही आली. गावातील काही कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचा उपक्रमही पुढे त्यात आला. या नोंदी व अभिप्राय इतके असतात की, अध्यापकाने ते सारे वाचावयाचे म्हटले तर महिने जातील.

येथे कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगी पडते. असंख्य लिखाणातून शब्दांचे परस्परसंबंध शिकलेले हे यंत्र आहे. ते हजारो अभिप्राय वाचून सारख्या तक्रारी एकत्र करते, अमुक रोग किती विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहिला हे काढून देते, आणि अभ्यासक्रमातील कोणता भाग प्रश्नपत्रिकेत कधीच येत नाही हेही दाखविते. मात्र ते चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगते. म्हणून काही उतारे माणसाने स्वतः वाचून ताडून पाहावयास हवेत. विद्यार्थ्यांची व रोग्यांची नावे आधी काढून टाकावीत, हेही ओघानेच आले.

याहून मोठा धोका मापाचा आहे. अमेरिकेतील रुग्णालये जास्त देखभालीची गरज कोणाला आहे हे ठरविण्यासाठी एक संगणकीय पद्धत वापरीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, ती पद्धत आजाराऐवजी उपचारांवर होणारा खर्च मोजत होती. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत असे. म्हणून तितकेच आजारी असूनही ते कमी गरजू ठरत. यंत्राचे गणित बरोबर होते, माप चुकले होते. आपणही केवळ गुण आणि हजेरी मोजली, तर यंत्र त्यावरूनच कॉलेज उत्तम ठरवील.

शिवाय, यंत्र लिहिलेले तेवढेच वाचते. गोंडी आणि कोलामीत छापील मजकूर थोडा, म्हणून या भाषांतील यंत्राची समजही तोकडी. त्या आईचे म्हणणे कोणी लिहूनच घेतले नाही, तर मूल्यमापनात ते कोठून येणार? ते तिच्या भाषेत विचारून घेणे हे माणसाचेच काम आहे, आणि अभ्यासक्रमात काय बदलावे हा निर्णयही अध्यापकांचाच आहे.

आपल्यापैकी अनेक घरांतील मुले डॉक्टर होऊ पाहत आहेत. त्यांस किती गुण मिळाले हे आपण विचारतोच. त्याबरोबर आज रोग्याचे म्हणणे समजले काय, हेही विचारावे. आणि एखादा विद्यार्थी आपल्या दारी चौकशीस आला, तर संकोच न करता आपल्या भाषेत खरे ते सांगावे. त्याच्या शिक्षणाच्या परीक्षेतील तेही एक उत्तर होय.