निघताना लेकराला सांगून निघा



केसलापूरची नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. तोवर कापसाची उलंगवाडी होत आलेली असते आणि मग घराघरांत बाहेर निघायची बोलणी सुरू होतात. इंद्रवेल्लीकडून कुणी हैदराबादला बांधकामावर जातं, कुणी ट्रकवर. पलीकडे चंद्रपूर-गडचिरोलीचे आपले सोयरे नवरा-बायको मिळून खम्ममकडे मिरची तोडायला जातात. पोट आहे, जावंच लागतं. जाऊ नका असं सांगायला हा पाठ नाही. मागे राहणाऱ्या दोन-चार वर्षांच्या लेकराशी आपण त्या वेळी कसं वागतो, एवढंच आज बघू.

बहुतेक घरांत रीत एकच. लेकरू झोपलं की पिशवी उचलायची आणि आवाज न करता निघायचं. "उगाच रडेल" असं सगळेच म्हणतात. सकाळी उठून ते चुलीपाशी बघतं, न्हाणीत बघतं, शेजारी जाऊन बघतं. रडणं काही चुकत नाही, फक्त ते आपल्याला बघावं लागत नाही. आणि लेकरू एक गोष्ट पक्की शिकतं: डोळा लागला की माणसं निघून जातात. मग रात्री झोपायला कुरकुर करतं, आजीला पाण्याला सुद्धा जाऊ देत नाही, आणि आपण म्हणतो फार हट्टी झालं.

दुसरी गोष्ट फोनची. फोनवर बापाचा आवाज ऐकला की लेकरू रडतं. म्हणून घरचे प्रेमानंच सांगतात, "तू फोन करू नको, नाहीतर चांगलं खेळतं बिचारं."

हेच बोलणं पूर्वी इंग्लंडच्या दवाखान्यांत चालायचं. आई-बाप भेटून गेले की मूल रडतं, आले नाहीत तर शांत राहतं, म्हणून भेटीच कमी ठेवत. 1952 साली जेम्स रॉबर्टसन यांनी लॉरा नावाच्या दोन वर्षांच्या मुलीचे दवाखान्यातले आठ दिवस कॅमेऱ्यात टिपले. ती फार आरडाओरड करत नव्हती. पण आई भेटायला आली तर तोंड फिरवायची. ज्याला सगळे शांत म्हणत होते, ते आतल्या आत मिटून जाणं होतं. पुढे 1959 च्या प्लॅट समितीच्या अहवालानं आई-बापांना मोकळेपणानं भेटू द्यावं अशी शिफारस केली. तेव्हा फोनवर लेकरू रडलं तर रडू द्या. ते आपल्या माणसापाशी रडतंय. ज्या दिवशी ते फोन घ्यायलाच येईना, त्या दिवशी काळजी करा.

तर सांगून निघायचं. कधी सांगायचं? फार आधी नको, दोन-तीन दिवस पुरे. "उद्या येतो" असं मुळीच म्हणू नये. लहान लेकराला महिना कळत नाही, पण बाजार कळतो, सण कळतो. "होळी होईल, मग उगादी, मग मी येईन" हे त्याला समजतं. आजीनं दर बाजाराला एक खडा डबीत टाकावा, लेकराच्या हातून. मात्र जेवढे खडे सांगितले तेवढे झाल्यावर माणूस यायला हवा. नाहीच येता आलं तर खरं कारण सांगावं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि मिरची तोडायला गेलेले हजारो मजूर तेलंगणातच अडकले. तेव्हा कुणाच्याच हातात तारीख नव्हती. "गाड्या बंद आहेत, सुरू झाल्या की निघतो" एवढं लेकरालाही सांगता येतं.

आपल्याकडे तर जोडून ठेवायची सोय आधीच आहे. राष्ट्रसंतांनी प्रार्थना सामुदायिक केली. सायंप्रार्थनेला घरी बसताना बाबाचं आसन लेकराला टाकू द्या. तिकडे बाबानंही त्याच वेळेला, झोपडीत असो की धाब्यावर, बसावं. प्रार्थना झाली की दोन मिनिटं फोन. रेंज नसली तर नसली; बाबा या वेळेला बसलेला असतो हे लेकराला ठाऊक असतं. कधीतरी तासभर बोलण्यापेक्षा ठरल्या वेळेची ही दोन मिनिटं आम्हाला मोठी वाटतात.

परत आल्यावर लेकरू आजीच्या मागे लपतं. बापाला लागतं ते, खेळण्याची पिशवी घेऊन आलेला असतो ना! पण ओढून घेऊ नका, "ओळखलं नाही का रे" म्हणून हसू नका. जवळ बसा, त्याला येऊ द्या. पहिले आठ दिवस तरी शिस्त लावण्याचं काम आजीकडेच राहू द्या.

लेकराला सोबत नेणार असाल तर तिथल्या अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात जाऊन विचारा. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे शाळेत प्रवेश मिळतो. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून तो नाकारता येत नाही.

आणि एक, जरा स्पष्टच लिहितो. पोटासाठी नव्हे तर प्रचारासाठी, सप्ताहासाठी महिना-महिना बाहेर राहणारे बंधूही आपल्यात आहेत. "महाराज कुठे घरी बसले?" असं ते म्हणतात. महाराजांना संसार नव्हता, आपल्याला आहे. ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत 'संसार-परमार्थ' हा वेगळा अध्याय आहे, तो या पंधरवड्यात घरात वाचावा. वाचताना लेकरू मांडीवर असलं तर उत्तम.

ज्यांचं निघायचं ठरलं आहे त्यांनी हा पाठ आजी-आजोबांनाही वाचून दाखवावा. खड्यांची डबी कुठे ठेवायची आणि फोनची वेळ कोणती, हे सगळ्यांनी मिळून आधीच ठरवून घ्यावं.

जय गुरु!