कोरड्या बर्फाने जुन्या लाकडाची स्वच्छता

पदार्थाच्या अवस्था शिकविताना संप्लवनाचे उदाहरण म्हणून आपण कापूर दाखवितो. उघड्या बशीतील वडी काही दिवसांत झिजत नाहीशी होते आणि बशीत ओल उरत नाही. पाठ तेथेच संपतो. याचा उपयोग काय, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. त्याचे एक उत्तर येथे देण्याचे योजिले आहे.

कार्बन डायऑक्साइड वायू गोठविला असता पांढरा घन पदार्थ होतो. तिलोरिए या फ्रेंच रसायनज्ञाने १८३५ साली त्याचे वर्णन केले. नेहमीच्या वायुदाबाखाली तो उणे ७८.५ अंश सेल्सिअसला द्रव न होता एकदम वायुरूप होतो, म्हणून त्यास कोरडा बर्फ म्हणतात. त्याचे तांदळाच्या दाण्याएवढे कण दाबाच्या हवेच्या झोताबरोबर मळलेल्या पृष्ठभागावर मारावयाचे, अशी ही रीत होय. संप्लवन पावणाऱ्या कणांच्या अशा माऱ्याचे एक पेटंट अमेरिकेत १९७७ साली देण्यात आले. पुढे आगीत काळवंडलेल्या घरांच्या व जुन्या लाकडी इमारतींच्या सफाईसही ही रीत लागू झाली.

कण आदळला की त्याच्या धक्क्याने व थंडीने काजळीचा थर ठिसूळ होऊन तडकतो. लगेच कणाचा वायू होतो, त्याचे आकारमान सुमारे आठशे पट वाढते, आणि सुटलेला थर बाहेर लोटला जातो. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने गाभ्यापर्यंत थंडी सहसा पोहोचत नाही. पाणी वापरावयाचे नसल्याने लाकूड फुगत नाही. वाळूच्या माऱ्यात वाळूचे ढीग साचतात. येथे खाली पडते ती केवळ काजळी.

मात्र ही रीत निर्दोष आहे असे समजू नये. लाकडाच्या प्रत्येक वलयात एक भाग मऊ व एक कठीण असतो. दाब अधिक झाला तर मऊ भाग खचतो आणि कठीण भाग शिरांप्रमाणे वर येतो. जुना रंगही उडू शकतो. म्हणून आधी सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात कमी दाबाने चाचणी घ्यावी लागते. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. बंद खोलीत तळाशी साचला तर माणूस गुदमरतो. उघड्या हाताने बर्फ धरल्यास कातडीस इजा होते, आणि घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवल्यास बाटली फुटते. शाळेत तो आणूच नये.

वाळूचा मारा तर याहून पुष्कळच कठोर. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९७९ साली ऐतिहासिक इमारती अशा घर्षणाने साफ करण्याच्या धोक्यांविषयी स्वतंत्र पुस्तिकाच काढली. प्रस्तुत लेखकास हे फार उशिरा कळले. तो शिक्षक असलेल्या एका गावी देवळाच्या सभामंडपाचे सागवानी खांब समयांच्या धुराने काळे पडले होते. यात्रेपूर्वी गावकऱ्यांनी ते वाळूच्या झोताने साफ करवून वर तेलरंग दिला. हेतू चांगला होता. वर्गणी गोळा करण्यात लेखकही होता. खांब उजळले, परंतु कमळाच्या पाकळ्यांतील बारीक रेघा गेल्या. गावचे वृद्ध सुतार येऊन खांबावरून बोटे फिरवीत म्हणाले, “गुरुजी, हितं वाकसाच्या खुणा होत्या. त्यावरून हात कुणाचा ते कळायचं.” लेखकापाशी उत्तर नव्हते. काजळी पुन्हा धरेल; त्या खुणा पुन्हा येणार नाहीत.

वर्गासाठी दोन गोष्टी सहज करता येतात. एका बशीत कापराची वडी व दुसरीत साध्या बर्फाचा तुकडा ठेवून, मागे काय उरते ते रोज वहीत लिहावयास सांगावे. तसेच चुलीच्या धुराने काळी झालेली एखादी टाकाऊ फळी आणावी. तिचा एक भाग मऊ कोरड्या कुंचल्याने झाडावा, दुसरा विटकरीच्या भुग्याने घासावा. भिंगातून पाहिल्यावर विद्यार्थ्यांस फरक आपणहून दिसतो. फळीच्या मागे तारीख घालून ती शाळेच्या कपाटात ठेवावी. गावात जुन्या लाकडाची सफाई निघाली की पंचांना दाखविता येईल.