घरपट्टीची पावती आणि विधानसभा : स्थानिक शासन शिकवताना



सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन संस्था हा भाग येतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद... मुलं सदस्यसंख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. म्हणून एका वर्षी मी ठरवलं, पुस्तक बाजूला ठेवायचं आणि घरातली घरपट्टीची पावती वर्गात आणायची.

दुसऱ्या दिवशी पावत्या आल्या. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे रकाने मुलांनी शोधले. मी प्रत्येकाला आकडा मोठ्याने वाचायला सांगितला. एक मुलगी उठली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या घराला पावतीच नाही." काही मुलं हसली. तिचं घर सरकारी जागेवर होतं, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याची नोंदच नव्हती. चूक माझी होती. पण त्या एका वाक्याने मला धडा नीट शिकवायला लावला. तोच आज तुमच्यापुढे मांडते.

१. कर ग्रामपंचायत घेते, पण अधिकार कुठून येतो?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. पंचायतींना घटनेत स्थान मिळालं. पण कोणता कर, किती मर्यादेत आणि कोणत्या पद्धतीने घ्यायचा, हे राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ठरवायचं असतं. आपल्याकडे त्यासाठी १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आहे. म्हणजे सरपंचांना वाटलं म्हणून घरपट्टी हवी तशी वाढवता येत नाही आणि माफही करता येत नाही.

मुलांना मी असं सांगते : "घरातला खाऊचा डबा ताईकडे आहे. वाटायचं काम ताईचं. पण एकाला किती द्यायचा, हे आईने आधीच ठरवून दिलंय." ताई म्हणजे ग्रामपंचायत आणि आई म्हणजे विधिमंडळ, हे मुलांना लगेच समजतं.

२. शहरातलं उदाहरण

मुंबईत मालमत्ता कर महानगरपालिका गोळा करते. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी द्यायची चर्चा तिथे बरीच वर्षं होती. २०१९ मध्ये या कराच्या अनेक भागांपैकी फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीचे भाग बिलात राहिले. पूर्ण माफी २०२२ मध्ये मिळाली आणि त्यासाठी राज्याला महानगरपालिकेच्या कायद्यात बदल करावा लागला. देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेलाही हे स्वतःच्या सभागृहात ठराव करून भागलं नाही.

इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. छोट्या घराचा कर माफ झाला, हे चांगलंच. पण कचरा उचलायचा, दिवे लावायचे, तो पैसा आता कुठून येणार? उत्तर लगेच सांगू नका. मुलांना भांडू द्या.

३. देखरेख कशी होते?

जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांना "पीआरसी येणार" हे शब्द नवीन नाहीत! कपाटं आवरली जातात, रजिस्टरं पूर्ण होतात. ही पंचायती राज समिती म्हणजे विधिमंडळाचीच समिती. त्यात आमदार असतात. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचे लेखापरीक्षण अहवाल ती तपासते, अधिकाऱ्यांची साक्ष घेते आणि आपला अहवाल विधिमंडळापुढे ठेवते. आपण तिला फक्त धास्ती म्हणून ओळखतो. खरं तर आपल्या गावाच्या पैशाचा हिशोब विचारायची ती एक जागा आहे.

दुसरी देखरेख आपल्या हातात आहे. ती म्हणजे ग्रामसभा. पालकहो, तिथे जमाखर्च विचारता येतो. आणि लक्षात ठेवा, ग्रामपंचायतीचा कर थकवणारा माणूस सदस्यपदाला अपात्र ठरू शकतो. नियम दोन्ही बाजूंना आहेत.

४. आणि ज्याला घरच नाही?

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे २९ विषय आहेत. त्यात ग्रामीण गृहनिर्माणही आहे. प्रधानमंत्री आवास योजना २०१६ मध्ये ग्रामीण भागात सुरू झाली, तेव्हा सपाट भागात घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. लाभार्थ्यांच्या यादीची पडताळणी ग्रामसभेत होते. पण ज्याच्या पायाखालची जागाच त्याची नाही, त्याने घर बांधायचं कुठे? त्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. शिवाय २०१८ मध्ये शासनाने १ जानेवारी २०११ पूर्वीची सरकारी जागेवरील राहती अतिक्रमणं काही अटींवर नियमानुकूल करण्याचा निर्णय घेतला. सगळ्याच प्रकारच्या जागांना तो लागू नाही, म्हणून आपली जागा कोणत्या प्रकारची आहे हे आधी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) यांच्याकडे विचारा.

अजून एक गैरसमज. नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकीचा कागद नव्हे. ती कर आकारणीची नोंद आहे. घर किंवा जागा घेताना फक्त त्याच्यावर विसंबू नका.

त्या मुलीच्या आईला मी ही माहिती सांगितली. त्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. निकाल अजून आलेला नाही. पण पुढच्या ग्रामसभेला त्या पहिल्यांदाच जाऊन बसल्या.

वर्गात घ्यायचा उपक्रम

• पावत्या मुलांकडून मागवू नका. शाळेची किंवा स्वतःच्या घराची एकच पावती फळ्यावर उतरवा. कोणाची थकबाकी, कोणाचं घर बेकायदा, हे वर्गात उघडं पडता कामा नये.
• गट पाडा : ग्रामपंचायत, विधिमंडळ, करदाते आणि घर नसलेलं एक कुटुंब. १००० रुपयांचा जमाखर्च द्या आणि चर्चा घडवा.
• शेवटी प्रत्येकाने एक वाक्य लिहावं : "मी ग्रामसभेत हा प्रश्न विचारेन..."

पालकांसाठी : आज रात्री घरपट्टीची पावती काढून मुलाशेजारी बसा. प्रत्येक रकाना वाचा आणि त्या पैशाचं गावात काय झालं, ते दोघं मिळून शोधा.