मडके कोणाचे कच्चे?

१० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत आपल्या धाराशिव शहरी त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. शहराचे सरकारी नाव तेव्हा उस्मानाबाद होते. संमेलननगरीला नाव दिले होते संत गोरोबाकाकांचे, आणि अध्यक्ष होते वसईचे कॅथॉलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर येण्याचा हा पहिलाच प्रसंग. निवड जाहीर होताच काहींनी उघड विरोध केला. गोरोबाकाकांचे नाव आणि पाद्रीबाबांची खुर्ची, हे जमतं कसं, असा प्रश्न एखाद्या माळकऱ्याच्या मनात आला तर नवल नाही. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. प्रश्न मात्र राहिला आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात उभा राहिला, म्हणून त्याचा विचार आपण करावा हे योग्य.

विचाराला माप हवे. ते माप तेरलाच आहे. काकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताईने थापटणे पाहून विचारले, हे कशाला? काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते यानं कळतं. मग मुक्ताईच्याच सांगण्यावरून त्यांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सगळे शांत राहिले. नामदेवराय तेवढे रागावले. काका म्हणाले, हे मडके कच्चे आहे. पुढे नामदेवराय विसोबा खेचरांना शरण गेले आणि पक्के झाले, ही कथा लहान पोरालाही ठाऊक आहे.

यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्या. कुंभार मडके वाजवतो ते सगळ्यांचे वाजवतो. शेजारच्याचे वाजवावे आणि आपले झाकून ठेवावे, अशी रीत नाही. दुसरी गोष्ट, कुंभार बाहेरून थापटतो तेव्हा त्याचा एक हात आतून आधाराला असतो. तो हात नसेल तर मडके घडत नाही, फुटते. याच मापाने आधी ख्रिस्ती मंडळींचे मडके वाजवू, मग आपले.

गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १५६० साली धर्मन्यायासन बसविले. १५६७ साली साष्टी तालुक्यात देवळे पाडली गेली. कित्येक कुटुंबांनी देव पाठीवर घेऊन रातोरात सीमा ओलांडली. ज्या येशूने शत्रूवरही प्रीती करायला सांगितले, त्याचेच नाव घेऊन ही सक्ती झाली. इथे आतला हात नव्हता. हे मडके कच्चे, असे म्हणण्यास संकोच नको, आणि आज पुष्कळ ख्रिस्ती अभ्यासकही तेच म्हणतात.

पण त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री राहिला. तो १५७९ साली गोव्यास आला. तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. स्टीफन्स मराठी शिकला, तिच्या प्रेमात पडला, आणि ज्ञानोबा-नाथांच्या ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्याने रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापले गेले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आज शाळकरी मुलांनाही माहीत असतात. सत्तेला मात्र ही ओढ उमगली नाही. १६८४ साली गोव्यात लोकांची बोली बंद करण्याचा हुकूम निघाला. सक्ती आणि भक्ती एकाच गावात नांदत होत्या. म्हणून ‘ते सगळे तसेच’ असे म्हणून चालत नाही.

आता आपले मडके वाजवू. चोखोबारायांची समाधी महाद्वारासमोर आहे. ज्यांच्या अभंगांनी आपण डोलतो, त्यांच्या जातीच्या माणसाला त्या दारातून आत जाण्यास विसावे शतक निम्मे सरत यावे लागले. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरी दहा दिवस उपोषण केले, त्यानंतर ते दार उघडले. या मधल्या काळात, एकोणिसाव्या शतकात, नगर जिल्ह्यात महार-मांग समाजातील कित्येक कुटुंबे ख्रिस्ती झाली. आपण म्हणतो, मिशनऱ्यांनी आमिष दाखविले. दुष्काळात अन्नासाठी गेलेलेही होतेच. पण ज्याने पोराला शाळेत शेजारी बसविले, आजाऱ्याचे अंग हाताने पुसले, त्याच्याकडे माणूस गेला तर दोष कोणाचा? मिरजेत १८९४ साली डॉक्टर विल्यम वानलेस यांनी रुग्णालय काढले. रोग्याच्या देही देव आहे, हे कीर्तनात सांगणारे आपण. मलमपट्टी करायला सातासमुद्रापलीकडून माणूस आला. थापटणे लागले, आणि आपण नामदेवरायांसारखे रागावलो.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण याहून निराळे. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५. हे ब्राह्मण कवी ख्रिस्ती झाल्यावरही अभंग लिहीत, कीर्तने करीत, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे सांगत. यावर दोन प्रकारे बोलता येते. कोणी म्हणेल, आपला पूल वापरून माणूस पलीकडे गेला, हे नुकसान. पण पलीकडे जाऊनही त्याला पूल तोडवला नाही, हेही पाहावे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दुःख मात्र विसरू नये. नवऱ्याने धर्म बदलला आणि चालता संसार दुभंगला. त्यांनी काही काळ पंढरपुरात नातेवाइकांकडे काढला. पुढे त्या पतीकडे गेल्या व त्याही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचावे, म्हणजे धर्मांतर ही केवळ आकड्यांची गोष्ट नसून चुलीपर्यंत येणारी गोष्ट आहे, हे समजते. दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे दुःख आधी मोजावे.

पूल एकाच दिशेने वाहत नाही. अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनी उतारवयात एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई आणि महिपती यांचे इंग्रजी अनुवाद केले. आपल्या संतांची ओळख परदेशी करून देणाऱ्यांत हा माणूस अग्रभागी आहे.

येथे शंका निघेल : मग दोन्ही धर्म एकच का? नाही. ख्रिस्ती माणूस मानतो, जन्म एक, तारणारा एक. आपण पुनर्जन्म मानतो, आणि विटेवरच्या सावळ्यालाच सर्वांभूती पाहतो. हा भेद खरा आहे. तो लपवून गोड बोलणे म्हणजे भाजल्यावाचून मडक्याला रंग देणे. भेद कायम ठेवून शेजार करता येतो. तेर हे तर पुरातन व्यापारी गाव. तगर नावाने ते पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात नोंदले गेले आहे, आणि रोमन धाटणीच्या वस्तू तेथील उत्खननात मिळाल्या. परका माणूस आला म्हणून तेर बुडाले नाही.

तेव्हा माळकऱ्याने काय करावे? परधर्माची निंदा कीर्तनात करू नये. तेवढा वेळ नामाला द्यावा. कोणी सक्ती वा फसवणूक करीत असेल तर स्पष्ट बोलावे, पण एकाचे पाप साऱ्या समाजाच्या माथी मारू नये. गावातील कोणते घर अजून पंगतीबाहेर बसते, कोणता म्हातारा औषधावाचून पडला आहे, हे दिंडीला निघण्यापूर्वी पाहावे. जे घर आपण आपले मानले, ते आपल्याला सोडून का जाईल?

संमेलन संपले, मांडव उतरला. काकांचे थापटणे मात्र अजून फिरते आहे. ते आपल्या मस्तकी येईल तेव्हा शांत राहता आले, तर मडके पक्के समजावे.

॥ रामकृष्ण हरि ॥