आधी मोजा, मग बदला : इंजिनाच्या हवेचा सेन्सर

शिक्षक आणि पालक मित्रांनो, आपल्या वरणगावात मे महिन्यातल्या दुपारी पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तर हिवाळ्यात पहाटे १५ च्याही खाली येतो. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांवर तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी हवा मावते. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून आत येणारी हवा किती गरम आहे, हे इंजिनाच्या ईसीयूला कळावं लागतं. ते सांगतो हवेच्या नळीतला तापमान सेन्सर. त्यात थर्मिस्टर असतो. ऊब वाढली की त्याचा रोध कमी होतो.

तपासणी मुलांकडून अशी करून घ्या :

१. चावी बंद करा. प्लग सोडवून दोन पिनांचा सेन्सर बाहेर काढा.
२. मल्टिमीटर ओहमवर ठेवून पिनांना लावा. २० अंशांच्या आसपास बहुतेक सेन्सर २ ते ३ हजार ओहम दाखवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा.
३. हेअर ड्रायरने ऊब द्या. आकडा सावकाश उतरला तर सेन्सर चांगला. हललाच नाही तर खराब.
४. सेन्सर चांगला निघाला तर चावी चालू करून सुटा प्लग तपासा. तिथे सुमारे ५ व्होल्ट हवेत. नसतील तर दोष वायरिंगकडे शोधा.

डॅशबोर्डवर दिवा लागला की सेन्सर बदलायची घाई होते. पैसे जातात आणि सैल प्लग तसाच राहतो. मुलांना प्रत्येक आकडा वहीत लिहायला लावा. ‘मला वाटतं’ म्हणणारा मुलगा ‘मी मोजलं’ म्हणू लागला, की धडा पोचला समजा.