तोकड्या डिकीचे मूळ

प्रश्न : घरी डिझायर घेण्याचे घाटत आहे. चिरंजीवांना ती मागून तोकडी दिसते, सूनबाईंना सुबक. खरे कोणाचे मानावे?

उत्तर : अभिरुचीच्या दाव्यात सर्वमान्य निवाडा संभवत नाही, तथापि चिरंजीवांचा ज्या तोकडेपणावर आक्षेप आहे, त्याचे मूळ चित्रकाराच्या कुंचल्यात नसून सरकारी करआकारणीत आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आतील, मर्यादित क्षमतेच्या इंजिनाच्या मोटारींवरील अबकारी 24 टक्क्यांवरून 16 वर उतरली, तेव्हा पहिली 4,160 मिलिमीटरांची डिझायर 2012 साली 3,995 वर आणताना, इंजिन व आसने यांना हात लावणे अशक्य असल्यामुळे, कात्री चालली ती डिकीवर, आणि उंच छतामागे ती आखूड डिकी अनेकांच्या नजरेस खटकू लागली. 2017 मध्ये लांबी तीच ठेवून छत 40 मिलिमीटरांनी खाली घेतले गेले, तेव्हा प्रमाण बरेच सावरले. सूनबाईंचे मतही म्हणून निराधार नव्हे. शोरूमच्या झगझगाटात निर्णय न करता, गाडी उन्हात उभी करवून वीस पावलांवरून, बाजूने पाहावी. आणि मतभेद तरीही उरलाच, तर जी व्यक्ती ती रोज चालवणार, तिचा कौल ग्राह्य धरावा.